किनोआ की ब्राऊन राइस?

प्रश्न: ताई, वजन कमी करायचंय, पांढरा भात बंद केलाय. सगळे म्हणतात किनोआच खा, पण ब्राऊन राइस चालणार नाही का?

उत्तर: चालेल की, अगदी चालेल! कॅलरीजमध्ये दोघांत फारसा फरक नाही, शिजवलेल्या १०० ग्रॅमला साधारण १२०च्या आसपास दोन्हीकडे, त्यामुळे नुसता किनोआ आणला म्हणून वजन उतरेल असं काही नाही, ताटात किती वाढून घेता त्यावरच सगळं आहे. प्रोटीन मात्र किनोआत जास्त, ४ ग्रॅमच्या थोडं वर, ब्राऊन राइसमध्ये अडीचच्या जवळपास, फायबरही किनोआतच जास्त, म्हणून जेवणात डाळ, अंडी वगैरे कमी असतील तर किनोआ घ्या असं मी सांगेन, नाहीतर ब्राऊन राइस मस्त आहे, उगाच खिशाला ताण कशाला.

किनोआ कडू लागतो अशी तक्रार खूप जण करतात, तर त्याच्या दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडू पदार्थाचा थर असतो, बारीक गाळणीत घेऊन नळाखाली फेस जाईपर्यंत चोळून धुवायचा. ब्राऊन राइस रोज खाणार असाल तर भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाका, त्याच्या कोंड्यात आर्सेनिक हे विषारी द्रव्य जास्त असतं ते त्याने कमी होतं. आणि हो, किडनीचा त्रास असेल तर दोन्ही आधी डॉक्टरांना विचारूनच.