टोकियोत एकटीने पायी भटकावं का? गर्दीने जीव घाबरा होतो का?

प्रश्न दोन विचारलेत, आणि दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. जीव घाबरा झालाच तर स्टेशनात होतो, रस्त्यावर फारसा नाही.

शिंजुकू हे जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन म्हणून गिनीजमध्ये नोंदलेलं आहे. त्याला बाहेर पडायच्या वाटा दोनशेच्या वर. दादरचा पूल रोज ओलांडणाऱ्याला त्या आकड्याचं अप्रूप वाटणार नाही. मला अप्रूप वाटलं ते एवढ्या माणसांमधल्या शांततेचं. डब्यात फोनवर बोलणं असभ्य समजतात, त्यामुळे खच्चून भरलेल्या गाडीतही घोषणा स्पष्ट ऐकू येते. मात्र बाहेर पडायची वाट आधी ठरवून ठेवा. चुकीच्या बाजूला निघालात की समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत जायलाही मोठा वळसा पडतो.

भटकायचं कसं, तर यामानोते ही वर्तुळाकार लोकल पकडा. साडेचौतीस किलोमीटर, तीस स्टेशनं, फेरी तासाभराची. कुठेही उतरा आणि पुढच्या स्टेशनापर्यंत चालत जा. प्रत्येक स्टेशनाभोवती वेगळंच गाव वसल्यासारखं आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलात की दोन मिनिटांत फुटपाथ संपतो, दारापुढे कुंड्या, टेकवून ठेवलेल्या सायकली, कोपऱ्यावर शीतपेयांचं यंत्र. अशा गल्ल्यांना बहुधा नावच नसतं. पत्त्यात वस्ती, मग ब्लॉकचा नंबर, मग घराचा नंबर. पूर्वी लोक चौकातल्या पोलीस चौकीत (कोबान) जाऊन विचारत; तिथे भागाचा नकाशा असतो आणि वाट सांगणं हे पोलिसांचं नेहमीचंच काम. फोनची बॅटरी संपली तर आजही हाच उपाय.

एकच भाग निवडायचा तर निप्पोरी स्टेशनाजवळचा यानाका. 10 मार्च 1945 च्या रात्री अमेरिकी बॉम्बफेकीत टोकियोचा पूर्व भाग जळून गेला. त्याआधी 1923 च्या भूकंपाने आणि आगींनी शहराची राख केली होतीच. यानाका बराचसा वाचला, म्हणून तिथे लाकडी घरं, लहानमोठी मंदिरं आणि अरुंद बोळ अजून आहेत. तिथल्या दफनभूमीत शेवटचा शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा योशिनोबू आहे, आणि लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन तिच्यातूनच घरी जातात. असाकुसा भागातलं सेन्सोजी मंदिर प्रत्येक जण पाहतो, तुम्हीही पाहा. पण तिथलं मुख्य देऊळ 1945 मध्ये जळलं आणि आताचं 1958 चं, काँक्रीटचं आहे. मला यानाकाच जास्त आवडलं, हे उघड आहे.

शिंजुकूला भूक लागली तर नाकामुराया आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस इंग्रजांच्या तावडीतून निसटून 1915 मध्ये जपानला पोचले, तेव्हा या दुकानाच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे मुलगीही दिली. 1927 पासून तिथे मिळणारी ‘भारतीय करी’ बोसांचीच. ती कोंबडीची असते, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी फक्त इतिहासावर समाधान मानावं. एकूणच शाकाहाऱ्यांनी जपून: साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या पाण्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. घरच्यासारखं जेवण हवं असेल तर निशी-कासाईला जा, तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. ती ज्या एदोगावा प्रभागात येते, तिथल्या सभेवर 2019 मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

आता एकटीचा मुद्दा. रात्री उशिरा गल्लीतून चालताना मला भीती वाटली नाही. शिंजुकूतल्या काबुकिचोसारख्या बारच्या वस्तीत आत बोलावणाऱ्यांकडे मात्र बघूही नका. स्वच्छतागृहं स्टेशनात, बागेत, सगळीकडे फुकट आणि स्वच्छ. दिवसभर पायी फिरणाऱ्या बाईला याची किंमत सांगायला नको. उलट कचऱ्याचा डबा सापडत नाही, कारण 1995 च्या भुयारी रेल्वेतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेच डबे काढून टाकले गेले. पिशवी जवळ ठेवा. शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमारास जाते, आणि त्यानंतरच्या टॅक्सीचं भाडं पाहून चालतच निघावंसं वाटेल.