नव्याने रुजू झालेल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यास

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तालुका आरोग्य अधिकारी म्हणून तुम्ही रुजू झाल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. फोनवर तुम्ही म्हणालात, की प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना दिवस रुग्णांत जात असे, आता तो कागदांत जातो. सकाळपासून शासन निर्णय, परिपत्रके आणि बैठकांची पत्रे मोबाइलवर येत राहतात आणि ती पुढे पाठवण्यातच संध्याकाळ होते. त्या 'पुढे पाठवण्यातच' या शब्दांमुळे हे पत्र लिहायला बसलो. पुढे पाठवलेला आदेश अमलात आला असे आपल्याकडे सर्रास धरले जाते, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला वाटते, की आपल्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक तीच आहे.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. तालुक्याला येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. मातांच्या एका योजनेसाठी लागणाऱ्या कागदपत्रांचे शुद्धिपत्रक, म्हणजे आधीच्या आदेशात दुरुस्ती करणारे पत्र, आले. आधी सक्तीचा असलेला एक दाखला त्यातून वगळला होता. मी पत्रावर 'सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांना कळवावे' असा शेरा मारला, टपाल पुढे गेले आणि माझ्या लेखी विषय संपला. काही आठवड्यांनी एका उपकेंद्राच्या भेटीत ओसरीवर एक बाई बसलेली दिसली. तान्हे मूल पदराखाली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेले कागद. त्याच दाखल्यासाठी ती दोनदा परत गेली होती आणि दोन दिवसांची मजुरी तिने गमावली होती. आमच्या सिस्टर प्रामाणिक आणि कष्टाळू. त्यांनी नियम मोडला नव्हता, त्यांना माहीत असलेला नियम त्या पाळत होत्या. शुद्धिपत्रक केंद्राच्या आवक नोंदवहीत चढले होते आणि तिथेच थांबले होते. त्या बाईचे दोन दिवस माझ्या एका शेऱ्यामुळे गेले, ही बोच अजून गेलेली नाही.

म्हणून पहिली विनंती अशी, की आदेश स्वतः, पूर्ण आणि कागदावर वाचावा. मोबाइलवर आलेला सारांश किंवा वर्तमानपत्रातील बातमी यांवरून कोणतीही सूचना देऊ नये. शासन निर्णय हाती आला की विषयानंतरचे 'वाचा' किंवा 'संदर्भ' हे सदर आधी बघा. आजचा निर्णय ज्या जुन्या निर्णयांवर उभा आहे, त्यांचे क्रमांक आणि दिनांक तिथे असतात, आणि ते काढून पाहिल्याशिवाय आज नेमके काय बदलले हे कळत नाही. जुना निर्णय अधिक्रमित केला आहे, म्हणजे रद्द करून त्याची जागा नव्याने घेतली आहे, की त्यातील एखादीच अट बदलली आहे, हा फरक फार मोठा असतो, कारण दुसऱ्या प्रसंगी बाकीच्या सर्व जुन्या अटी जिवंत राहतात. प्रस्तावनेत हेतू असतो. तो समजून घ्यावा, पण हेतूच्या आधारे खर्च करता येत नाही. खर्च, पात्रता आणि जबाबदारी 'शासन निर्णय' या शीर्षकाखालच्या परिच्छेदांतच असते. शेवटी संगणक सांकेतांक दिलेला असतो. त्यावरून शासनाच्या संकेतस्थळावरची मूळ प्रत काढून ताडून पाहायला दोन मिनिटे लागतात. फिरत फिरत आलेल्या प्रतीत पान गळालेले असणे, किंवा मसुदाच अंतिम म्हणून फिरणे, हे मी पाहिले आहे.

तारखांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते. घोषणा, शासन निर्णय आणि प्रत्यक्ष अंमल या तिन्हींच्या तारखा वेगळ्या असतात, आणि मधल्या काळात लोक तुमच्या दारात उभे असतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपयांचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय जुलै २०२३ मध्ये झाला. विस्तारित योजनेची प्रत्यक्ष अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली. या सुमारे अकरा महिन्यांत बातमीचे कात्रण घेऊन आलेल्या नातेवाइकाला काय सांगायचे, हे खिडकीवरच्या माणसाला कोणी तरी शिकवायला हवे होते. आशाताईंच्या मानधनवाढीचेही तसेच झाले. घोषणा २०२३ च्या अखेरीस झाली, निर्णय निघावा म्हणून त्यांना २०२४ च्या जानेवारीपासून संप आणि आझाद मैदानावर आंदोलन करावे लागले, आणि शासन निर्णय मार्चमध्ये निघाला. त्या दिवसांत ज्या अधिकाऱ्यांनी आशांना खोटी आशा न दाखवता 'निर्णय अजून निघालेला नाही, निघाला की त्याच दिवशी तुम्हाला वाचून दाखवतो' असे स्वच्छ सांगितले, त्यांच्यावरचा विश्वास टिकला. क्षयरुग्णांच्या पोषणासाठीच्या निक्षय पोषण योजनेची दरमहा मदत १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली, तेव्हाही पहिला प्रश्न तारखेचाच होता: आधीपासून उपचारावर असलेल्या क्षयरुग्णाला नवा दर केव्हापासून? असा प्रश्न रुग्णाने विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारलेला असावा आणि त्याचे उत्तर आदेशातील परिच्छेदावर बोट ठेवून देता यावे.

व्याप्तीचेही असेच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमधील तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा सामान्य रुग्णालयापर्यंत हा निर्णय लागू झाला. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये आणि महापालिकांची रुग्णालये त्यात आली नाहीत. रुग्णाला दोन्ही 'सरकारी दवाखाना'च असतो. तालुक्यातून संदर्भित केलेला रुग्ण शहरातील महाविद्यालयीन रुग्णालयात पोहोचतो आणि तिथे पैसे मागितले, की गावाकडच्या डॉक्टरांनी फसवले असे त्याला वाटते. संदर्भ चिठ्ठी देतानाच हे त्याला सांगणे आपले काम आहे. त्याच निर्णयानंतर एका संस्थेत मी काही दिवसांनी गेलो, तर शुल्काची पावती बंद झाली होती, पण भिंतीवरचा दरफलक तसाच होता, आणि रांगेबाहेर उभी असलेली एक म्हातारी पदराच्या गाठीतली नाणी मोजत होती. फलक पुसण्याचा आदेश कोणी काढलेला नसतो. तो आपणच काढायचा असतो. शुल्क बंद झाल्यावर ते उत्पन्न कोणत्या खात्यात जमा होत होते आणि कोणता किरकोळ खर्च त्यावर चालत होता, हे लेखा सहायकासमोर बसून त्याच आठवड्यात पाहावे, कारण त्याविषयी आदेश बहुधा मौन असतो.

आता आदेश खाली पोहोचवण्याविषयी. मासिक सभेत परिपत्रक वाचून दाखवले की माना डोलतात आणि इतिवृत्तात 'सूचना देण्यात आल्या' असे येते. त्याऐवजी एका आरोग्य सेविकेला उठवून विचारावे: 'सिस्टर, उद्या सकाळी तुमच्या उपकेंद्रात या आदेशामुळे काय वेगळे होईल?' तिच्या उत्तरात तुमच्या समजावण्यातील सगळी भोके दिसतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचेच घ्या. पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास सहा हजार रुपये एकरकमी, एवढे सर्वांना पाठ असते. पण आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. नोंदणी सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, बाळाचे लसीकरण तिकडेच आणि जन्मनोंदही तिकडची. दुसऱ्या हप्त्याला जन्मनोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झालेली लागते. सासरच्या सिस्टरना वाटते माहेरच्यांनी भरले असेल, माहेरच्यांना वाटते नोंदणी आपली नव्हे. अशा बायकांची वेगळी यादी ठेवण्याची युक्ती मला आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या एका गटप्रवर्तक ताईंनी शिकवली. सातव्या महिन्यात 'माहेर कोणते, तिथल्या आशाताईंचा नंबर काय' एवढे त्या माताबाल कार्डाच्या मागे लिहून ठेवत. कोणत्याही शासन निर्णयात नसलेल्या या दोन ओळींमुळे त्यांच्या गटात अडकलेले हप्ते फार थोडे असत.

नावे आणि फलक यांवर फार शक्ती घालवू नका. आरोग्यवर्धिनी केंद्रांचे 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले, तेव्हा फलक आणि छायाचित्रे वेळेत झाली की पुरे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी रोज बसतात का आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतात का, हे पाहण्यात वेळ द्या. अहवालांबाबत एवढेच सांगतो, की 'निरंक', म्हणजे कळवण्यासारखे काही नाही, अशा अहवालावर सही करण्यापूर्वी एक फोन करावा. साथरोगांच्या दैनंदिन नोंदीत शून्य लिहिलेले असते तेव्हा खरोखर रुग्ण नसतात किंवा सिस्टर रजेवर असतात.

एका गोष्टीत मात्र धीर लागतो. काही आदेश तुमच्या तालुक्यात जसेच्या तसे अमलात येणार नाहीत. जिथे डोंगराच्या पलीकडे मोबाइलला रेंज नाही तिथे ऑनलाइन हजेरी लागत नाही. तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा आदिवासी भागाचा निकष कागदावर पूर्ण होत असला, तरी पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथवर कोणी जाऊ शकत नाही. अशा वेळी गप्प राहून खोटी पूर्तता कळवण्याचा मोह होतो, कारण बैठकीत लाल रंगातले आकडे सर्वांसमोर पडद्यावर दिसतात. तो मोह टाळा. गावाचे नाव, तारीख, किती जणांची अडचण झाली आणि तुमचा पर्याय काय, एवढे एका पानावर लिहून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि जावक क्रमांक जपून ठेवा. तोंडी तक्रार विरून जाते. अशा पत्रांना उत्तर न येण्याचेही दिवस येतील, तरीही पुन्हा लिहा. शुद्धिपत्रके आणि पूरकपत्रे निघतात ती बहुतेक वेळा कोणी तरी खालून चिकाटीने लिहिल्यामुळेच.

आणि तुमच्या कार्यालयातील सहा गठ्ठे पद्धतीतला (कागद सहा प्रकारांत वेगळे बांधून ठेवण्याच्या पद्धतीतला) स्थायी आदेशांचा गठ्ठा या आठवड्यात स्वतः उघडा. त्यात बहुधा जुने, रद्द झालेले निर्णय आजच्या निर्णयांशेजारी बांधलेले सापडतील. वरिष्ठ सहायकांना सोबत घेऊन रद्द झालेल्या प्रत्येकावर 'अधिक्रमित' असा शेरा, नव्या निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक लाल शाईने घाला. दोन दुपारी पुरतील. पहिल्या पानावर विषयवार सूची लावा आणि तिची एकेक प्रत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, शक्यतो स्वतः नेऊन द्या. त्यांतल्या एखाद्या निर्णयाचा अर्थ लागला नाही तर रात्री नऊनंतर फोन करा, तेव्हा मी मोकळा असतो.

तुमचा,
एक निवृत्त सहकारी