हाताला काम द्या : सीपी असलेल्या मुलांच्या पालकांचे प्रश्न

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणारी अडचण) असलेल्या मुलांच्या पालकांची सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. चालण्याबद्दल अपेक्षेपेक्षा कमी आणि हाताबद्दल जास्त प्रश्न आहेत. सारखी पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) आणि फिजिओथेरपी करणाऱ्या आमच्या गटाची आहेत.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे, डावी बाजू कमजोर. डावा हात मूठ करून छातीशी धरतो, सगळं उजव्याने करतो. फिजिओ म्हणाले, उजवा हात रोज बांधून ठेवा. सासूबाईंना ते बघवत नाही. बांधायचा तर कसा आणि किती वेळ? (तासगाव)

सासूबाईंना बघवत नाही ते बरोबरच आहे, कारण ‘बांधा’ हा शब्दच चुकीचा आहे. ओढणीने किंवा दोरीने हात बांधायचा नसतो, पाठीमागे अडकवायचा तर मुळीच नाही. चांगल्या हाताला मोजा घालून थोडा वेळ सुट्टी द्यायची आणि तेवढ्या वेळात कमजोर हाताकडून काम करून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. उजव्याने सगळं पटकन होतं म्हणून डाव्याची पाळीच येत नाही आणि मेंदू त्या हाताला हळूहळू विसरतो. मोजा ही त्याची पाळी आणण्याची युक्ती आहे.

जाड सुती कापडाचा, बोटं वेगळी नसलेला मोजा शिवा. तळव्याच्या बाजूला आत प्लास्टिकच्या फाइलच्या पुठ्ठ्याचा तुकडा घाला, कडा गोल करून. त्यामुळे वस्तू पकडता येत नाही, पण तोल गेला तर हात टेकवता येतो. मनगटावर वेल्क्रो लावा, आत तुमचं एक बोट सहज जाईल इतका सैल. झोपेत, जिन्यावर, पळापळीत आणि गरम जेवणाजवळ मोजा काढून ठेवा.

आता वेळ. एखादं ठरावीक काम, समजा चमच्याने स्वतः खाणं, जमण्यासाठी साधारण १५ ते २५ तासांचा सराव लागतो. एकूण हातच सुधारायचा तर ३० ते ४० तास किंवा त्याहून जास्त. रोज २ तास (अर्ध्या अर्ध्या तासाचे चार भाग केले तरी चालतं) असे २० दिवस केले की ४० तास भरतात. रोज पाऊण तास, आठवड्याला ६ दिवस, ८ आठवडे केलं तर ३६ होतात. याउलट आठवड्यातून दोनदा अर्धा तास क्लिनिकला नेत राहिलात तर ४० तासांना ४० आठवडे लागतात. बहुतेकांची गाडी इथेच अडते. थेरपिस्टने शिकवायचं आणि सराव घरी करायचा, असं मांडलं तरच हिशोब जुळतो.

सरावाची मांडणी नीट हवी. पाय लोंबकळत असतील तर हात चालत नाही. पायाखाली पाट ठेवा, पार्श्वभाग खुर्चीच्या मागच्या बाजूला टेकवा आणि टेबल कोपराच्या उंचीचं ठेवा. आधी मोठ्या आणि हलक्या वस्तू द्या, कोरडा स्पंज किंवा लोकरीचा चेंडू. वस्तू उभी धरून द्या, प्लास्टिकचा पेला जसा आपण देतो तशी. अशा मुलांचा तळवा खाली वळलेला असतो. उभी वस्तू धरायला हात अर्धाच वळवावा लागतो, टेबलावरचं नाणं उचलून तळव्यावर घ्यायला पूर्ण वळवावा लागतो. ते नंतरचं काम.

पकडण्यापेक्षा सोडणं अवघड असतं, हे पालकांना कुणी सांगत नाही. मनगट थोडं खाली झुकलं की बोटं आपोआप उघडतात, म्हणून सुरुवातीला रुंद तोंडाचं पातेलं खाली, अगदी जमिनीवर ठेवा आणि त्यात वस्तू टाकायला सांगा. जमू लागलं की भांडं वर आणा, मग तोंड लहान करा. दहा वेळांपैकी सात-आठ वेळा जमेल एवढंच अवघड ठेवा. दहाच्या दहा वेळा जमत असेल तर काम सोपं झालं, तीनच वेळा जमत असेल तर मूल चिडणार.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. मोजा घातलेला असताना बाटलीचं झाकण उघडायला सांगतात. ते दोन हातांचं काम आहे, एका हाताने मोठ्या माणसालाही जमत नाही. दुसरं, हात पुढे नेण्याऐवजी मूल कंबरेतून वाकतं आणि आपल्याला हात लांब गेल्यासारखा वाटतो. वस्तू जवळ घ्या. तिसरं, मुलाला वेळ लागतो आणि आजी हळूच करून देते. मनात पंधरापर्यंत मोजा, मगच मदत करा.

ठरवलेले तास भरले की मोजा ठेवून द्या आणि दोन हातांची कामं सुरू करा. कमजोर हात पुढेही मदतनीसच राहणार आहे, म्हणून त्याला चांगला मदतनीस व्हायला शिकवायचं. याच्या पायऱ्या आहेत. आधी वजन म्हणून : वही किंवा भडंगाचा वाडगा दाबून धरणं. मग हातात दिलेलं धरून ठेवणं : भुईमुगाची शेंग डाव्याने धरायची, उजव्याने फोडायची. मग स्वतः पकडून फिरवणं : लाटणं, सायकलचं हँडल, क्रिकेटची बॅट. शेंग फोडण्यात एक मजा आहे, धरणारा हात ढिला पडला की शेंग निसटते, आपल्याला सांगावं लागत नाही. फक्त दाणे आणि बेदाणे घशात अडकू शकतात. मूल लहान असेल किंवा गिळायला त्रास असेल तर फोडू द्या, खायला देऊ नका.

आणि काम मुलाने निवडलेलं हवं. बॅट धरायची आहे म्हणून जो मुलगा तासभर झटतो, तोच मणी ओवायला बसवला की दहा मिनिटांत कंटाळतो.

दोन वर्षं रोज तेलाने मालिश आणि ताणाचे व्यायाम करतो. रात्री स्प्लिंटही (हाताला आधार देणारा साचा) बांधतो. हात तसाच आहे. आमचं काही चुकतंय का? (कोरेगाव)

मेहनत कमी पडत नाही, पण ती दुसऱ्याच जागी चालली आहे. मालिशने मूल शांत होतं, त्वचा चांगली राहते. हात वापरायला ते शिकवत नाही. दोन-चार मिनिटं हात ओढून धरल्याचा परिणाम थोड्याच वेळात ओसरतो. आपण हात हलवतो तेव्हा मुलाचा मेंदू काहीच शिकत नाही, तो स्वतः हलवतो तेव्हा शिकतो. मालिश दहा मिनिटांवर आणा आणि उरलेला वेळ वरच्या उत्तरातल्या कामांना द्या.

रात्रीचा स्प्लिंट सांधा आखडू नये म्हणून असतो. त्याच्याकडून काम सुधारण्याची अपेक्षा ठेवू नका. अंगठा तळव्यात शिरत असेल तर काम करताना घालायचा अंगठ्याचा छोटा मऊ स्प्लिंट जास्त उपयोगी पडतो. स्प्लिंट काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर तो टोचतोय असं समजा आणि दुरुस्त करून घ्या. प्लास्टिकचा स्प्लिंट गरम पाण्यात धुऊ नका, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नका, त्याचा आकार जातो. मूल वाढतं, म्हणून दर काही महिन्यांनी माप बघायला हवं.

डॉक्टरांनी हातात बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. महाग आहे. त्याने हात सुटतो का? (विटा)

स्नायू सैल होतो, हात आपोआप कामाला लागत नाही. हे बोट्युलिनम टॉक्सिन ताठ स्नायूला जाणारा संदेश काही काळ अडवतं. परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि साधारण ३ महिन्यांनी ओसरतो. हे ३ महिने म्हणजे उघडलेली खिडकी. त्या काळात वर सांगितलेला भरपूर सराव झाला तर पैसे वसूल, नाहीतर चौथ्या महिन्यात मूल पुन्हा तिथेच. म्हणून ‘इंजेक्शन कधी?’ याआधी ‘नंतरची थेरपी कुठे, किती तास आणि कोणत्या कामासाठी?’ हे विचारा. परीक्षा, लग्नसराई, ऊसतोड यांच्या धांदलीत इंजेक्शन घेऊ नका. ताठरपणा थोडाच असेल तर त्याची गरजही नसते. नंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला तर लगेच रुग्णालय गाठा.

मुलगी ७ वर्षांची आहे, दोन्ही हात ताठ आहेत, चमचाही धरवत नाही. हा मोज्याचा उपाय तिला चालेल? (पलूस)

नाही. एक हात बऱ्यापैकी चांगला असेल तरच तो चालतो. सीपीमध्ये हाताच्या कामाचे पाच स्तर धरतात, २००६ साली स्वीडनमध्ये बसवलेल्या मॅक्स या मापाने. पहिल्या स्तरातलं मूल सहज काम करतं, पाचव्यातल्याला पूर्ण मदत लागते. मुलीचा स्तर थेरपिस्टकडून समजून घ्या, म्हणजे ध्येय वास्तव ठेवता येतं. तिच्यासाठी वस्तू बदला. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा फोमचा वेटोळा घालून तो जाड करा. ताटाला उभी कड असू द्या, ताटाखाली ओला कपडा घाला म्हणजे ते सरकत नाही. घास आपण भरा, तोंडापर्यंतचा शेवटचा वीतभर प्रवास तिला करू द्या. तेवढं जमलं की एक वीत मागे सरका. बटणाऐवजी वेल्क्रो लावा.

स्टेम सेलने (मूळ पेशींच्या उपचाराने) सीपी बरा होतो अशी जाहिरात पाहिली. काही लाख सांगतात. (सांगली)

देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे मोजके आजार वगळता स्टेम सेल हा उपचार म्हणून विकता येत नाही, सीपीसाठीही नाही. हायपरबॅरिक ऑक्सिजनवरही (बंद कक्षात जास्त दाबाने ऑक्सिजन देणं) पैसे घालू नका. त्या पैशाआधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात नाव घाला. त्यात सीपी येतो, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो.

बाळ ९ महिन्यांचं आहे. खेळणं कायम उजव्याच हाताने घेतं, डावी मूठ मिटलेली असते. घरचे म्हणतात, उजव्या हाताचं आहे, वर्षभर थांबा. (वाई)

थांबू नका. पहिल्या वाढदिवसाआधी बाळ सहसा हात निवडत नाही. एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्याला अडचण आहे असं समजून तपासून घ्यायचं. ते कमी दिवसांचं असेल तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. सातारा जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राबद्दल (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून थेरपी देणारं केंद्र) तिथेच विचारा. अंगणवाडीतूनही पाठवणी होते. ‘पक्कं निदान झाल्यावर बघू’ असं कुणी म्हटलं तरी थेरपी आधी सुरू करता येते.

इतक्या लहान बाळासाठीही मोज्याची पद्धत आहे, पण खूप सौम्य : रोज अर्धा तास, आठवड्याला ६ दिवस, ६ आठवडे, मग ६ आठवडे सुट्टी आणि पुन्हा ६ आठवडे. उजव्या हातावर साधा पायमोजा पुरतो. बाळाला मांडीवर टेकवून बसवा, खुळखुळा डाव्या हाताच्या जवळ, नजरेसमोर धरा आणि ते हात पुढे आणेपर्यंत थांबा. मूठ ओढून उघडू नका. बाळ रडू लागलं की तेवढ्यावर थांबा, उरलेली मिनिटं दुपारी.