औषध दोन्हीकडे सारखंच टाकलं, मग पानांच्या टँकमधले मासे कसे वाचले?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला घरी दोन टँक आहेत, माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारासाठी दोन्हीत कॉपरचं औषध एकाच मापाने टाकलं, तर स्वच्छ पाण्यातले मासे दोन दिवसांत गेले आणि बदामाची पानं टाकलेल्या चहासारख्या पाण्यातले वाचले. वाचून वाईट वाटलं. मी ठाण्यात राहतो, पाणी तपासायच्या लॅबमधे काम करतो, आणि मला वाटतं तांबं दोन्हीकडे तेवढंच होतं, फक्त एकीकडे मोकळं होतं आणि दुसरीकडे पकडलेलं.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. मोकळं कॉपर मोजणारा इलेक्ट्रोड असतो, तो डिस्टिल्ड पाण्यात बुडवून मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचा एक थेंब टाकला की रीडिंग लगेच उडी मारतं, पण पानं भिजवलेल्या पाण्यात पहिले काही थेंब टाकले तरी आकडा जेमतेम हलतो, मग हळूहळू चढायला लागतो. आणि त्यातच थोडं ॲसिड टाकलं ना, की आकडा परत वर जातो.

पानं कुजून पाण्यात टॅनिन आणि ह्युमिक, फल्विक ॲसिडं (पाण्याला चहासारखा रंग देणारे पदार्थ) उतरतात, त्यांच्यावरचे कार्बॉक्सिल आणि फिनॉल गट कॉपरला दोन बाजूंनी धरतात, चिंबोरी नांग्यांत धरते तसं. झिंक, निकेलपेक्षा कॉपर यात जास्त घट्ट बसतं. घट्ट पकडीच्या जागा मात्र थोड्याच, त्या आधी भरतात, म्हणून उशिराचे थेंब दिसायला लागतात. वरून टाकलेल्या ॲसिडातले हायड्रोजन आयन त्याच जागा बळकावतात आणि कॉपर सुटतं.

माशाला मारतं ते मुख्यतः मोकळं कॉपर, ते कल्ल्यांना चिकटून सोडियम आत घेणं बिघडवतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर ते कल्ल्यांवर कॉपरशी स्पर्धा करतं, म्हणून सॉफ्ट, म्हणजे कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात तोच डोस माशांना जास्त बाधतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2007 पासून गोड्या पाण्यातल्या कॉपरची मर्यादा ठरवताना पीएच, कॅल्शियम आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन (म्हणजे पानांतून उतरतात तसले पदार्थ) हे सगळं धरलंय.

पण पानं आहेत म्हणून डोस वाढवू नका प्लीज, जागा कधी भरतील ते वरून कळत नाही. पानांच्या पाण्यात ठिपक्यांवरही औषध कमीच चालतं, म्हणून आजारी मासे वेगळ्या टँकमधे घ्या, पानं आणि कार्बन फिल्टर काढून किटने कॉपर मोजत थोडं थोडं टाका, आणि कोळंबी असेल तर ती आधीच दुसरीकडे हलवा, तिला कॉपर माशांपेक्षाही लवकर बाधतं.