सध्या काय ऐकताय? वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की सध्या कानात काय चालू आहे, शास्त्रीयपैकी, आणि काही अडलं असेल तर तेही लिहा. खान्देशातूनच एवढे मेल आले की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलंय. नावं कुणाचीच देत नाही, फक्त गावं.

भुसावळ: रेल्वेत आहे, सध्या नाइट ड्युटी. अमीर खाँसाहेबांचा राग मारवा ऐकतोय. मारवा सूर्यास्ताचा, आणि मी ऐकतो सकाळी सातला घरी आल्यावर, मित्र म्हणतो असलं पाप करू नको. दुसरं म्हणजे विलंबितात (संथ लयीत) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येऊन जाते तेच कळत नाही. मैफलीत लोक मान हलवतात तेव्हा मीपण हलवतो.

दादा, मित्राला सांगा तुमची संध्याकाळ सकाळी सातलाच होते. वेळेचा नियम गाणाऱ्याने मैफलीत पाळावा, आपण घरी ऐकायला मोकळे आहोत. पण ड्युटी संपता संपता उजाडायच्या आधी कधी सवड मिळाली तर राग ललत लावून बघा, दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र) लागोपाठ लागतात, पंचम गायब, भीमसेनांचा तर ऐकाच.

आता सम. तुमच्या मारव्यातला विलंबित ख्याल, 'पिया मोरे अनत देस', झुमरा तालात आहे, चौदा मात्रा, आणि खाँसाहेबांची लय इतकी संथ की दोन मात्रांमध्ये माणूस चहाचा घोट घेईल. मात्रा मोजत बसू नका, वेड लागेल. तबल्याच्या ठेक्यात 'धागे तिरकिट' हे बोल पकडा. तालाच्या एका आवर्तनात, म्हणजे फेरीत, ते दोनदा येतात, सहाव्या-सातव्या मात्रेला आणि परत तेराव्या-चौदाव्याला. पहिल्यांदा आले की पुढे 'तिं' येतो, तिथे डग्गा (तबल्याच्या जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा) गप्प, ती खाली, म्हणजे आवर्तनाच्या मधली रिकामी जागा. दुसऱ्यांदा आले की पुढे 'धिं', डग्गा घुमतो, ती सम. म्हणजे सगळा फरक डग्ग्याचा, आणि मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून डग्गा बाहेर पडतच नाही, खालचे स्वर त्याला झेपत नाहीत, त्यामुळे तुम्हाला दोन्ही अर्धं सारखंच ऐकू येत असणार, नुसती टकटक. तुमचा कान ठीक आहे हो, स्पीकर बदला. साधा हेडफोन लावा. आणि मे महिन्यात कूलर चालू असेल तर तंबोरापण गेलाच म्हणून समजा, आपल्याकडे कूलर बंद करून ऐका असं कोणत्या तोंडाने सांगणार, म्हणून हेडफोनच.

डग्गा ऐकू आला की मग गाण्याकडे या. समेच्या थोडं आधी बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) परत येतो, तो आला की सम जवळ आली. काही दिवस हेच एक रेकॉर्डिंग लावा, दुसरं नको. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवतावर सगळा भार, षड्ज जाणूनबुजून टाळलेला, म्हणून ती घालमेल होते. नंतर पूरिया ऐका, स्वर तेच पण मुक्काम गंधार-निषादावर, आणि मग सोहनी, परत तेच स्वर पण सगळं वरच्या सप्तकात. एकाच सामानातून तीन घरं.

धुळे: मुलगी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते. आरोह-अवरोह पाठ, वादी-संवादी (रागातले दोन मुख्य स्वर) पाठ, पण रेडिओवर राग भूप लागला तर ओळखत नाही. देशकारचे स्वरपण तेच मग वेगळा राग कशाला असं विचारते. मी काय सांगू?

ताई, प्रश्न अगदी बरोबर विचारलाय पोरीने, क्लासमध्येपण विचारू द्या. सा रे ग प ध, दोन्हीकडे हेच पाच. पण भूप गंधारावर विसावतो, खालच्या अंगाने, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, फिरतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरी. देशकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात, चाल वरच्या अंगात आणि रिषभाला फारसा भाव नाही. हे वहीत लिहून कळत नाही. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा, आधी 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे', आणि तिला एवढंच काम द्या की किशोरीताई कुठल्या स्वरावर येऊन थांबतात तो स्वर हार्मोनियमवर शोध. नंतर देशकारला तेच करायचं, गाणारं कुणीही चालेल. रागाचं नाव विचारूच नका तिला. परीक्षेत मार्क मिळतील न मिळतील, कान होईल.

चोपडा: केळीवाला माणूस, शास्त्रीय वगैरे कळत नाही. यूट्यूबवर कुमार गंधर्व लागले, माळव्याची लोकगीतं गात होते, आणि मला आईची आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी आठवली. त्या झोक्यावरच्या गाण्यांमध्ये कोणता राग असतो?

भाऊ, 'कळत नाही' म्हणता आणि बरोबर जागी जाऊन पोचलात की. कुमारजी १९४८ मध्ये क्षयामुळे माळव्यातल्या देवासला राहायला गेले, कितीतरी वर्षं गाणं बंद, अंथरुणावर पडून ते ऐकत होते ते रस्त्याने जाणाऱ्या बायाबापड्यांचं गाणं. पुढे त्यांनी त्या धुनांमधून नवे राग काढले, त्यांना धुन-उगम राग म्हणतात, मालवती, लगनगंधार हे त्यातलेच. म्हणणं असं की राग हा धुनेतून उगवतो. म्हणून आईच्या गाण्यांवर रागाचा शिक्का मारायची घाई कशाला, बऱ्याचदा त्यात चारपाचच स्वर असतात आणि त्यांना राग म्हणणं ओढूनताणून होतं. सातपुडा ओलांडला की निमाड, पुढे माळवा, ही गाणी तुमच्यापासून लांबची नाहीत. आई असतील तर या आखाजीला त्यांची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करा. हे मात्र खरंच करा, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणणाऱ्या बायकापण कमी होत चालल्यात, आणि अहिराणीतलं हे गाणं कुठल्या अ‍ॅपवर नीट सापडत नाही.

जळगाव: वय झालं, बालगंधर्वांची पदं ऐकतो. नातू म्हणतो आजोबा हे नाटकातलं, शास्त्रीय नाही.

आप्पा, नातवाला विचारा 'नाथ हा माझा' कशात आहे. यमन! 'स्वयंवर' १९१६ चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि बुवा म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेला माणूस. ख्याल आणि नाट्यपद एक नाही हे नातवाचं खरं, पण पाया तोच. जानेवारीत तुमच्याच गावात बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, त्याला हाताला धरून न्या.

जळगाव, कॉलेज: मी पाश्चात्य संगीतकार बाख ऐकतोय, त्याचे चेलो सूट्स. घरात कुणाला सांगता येत नाही. चुकीच्या सदरात लिहितोय का?

अजिबात नाही. सहा सूट्स आहेत, एकटं वाद्य, साथ नाही. चेलोवादक पाब्लो कसाल्सचं १९३६ ते १९३९ मधलं रेकॉर्डिंग मिळव, खरखर आहे पण पहिल्या सूटचा प्रेल्यूड (सुरुवातीचा तुकडा) ऐकताना खर्जाची तार मोकळी घुमली की आपल्या आलापीवाल्या कानालापण तो सूर घरचा वाटतो. घरच्यांना सांगू नकोस, जेवताना स्पीकरवर लाव.

नंदुरबार: विलंबित रंगात आलं की मध्येच लोनची जाहिरात. उपाय?

डाउनलोड करून ठेवा, नाहीतर सीडी शोधा. आमच्याकडेपण तेच रडगाणं आहे.

पुढच्या अंकासाठी मेल करा. व्हॉइस नोट पाठवू नका, गेल्या वेळी एकाने पूर्ण तराणा गाऊन पाठवला, छान होता, पण छापणार कसा?