मानसशास्त्र फुकटात, पण नीट शिकायचं असेल तर इंटरनेटवर कुठून सुरुवात करावी?

तुमचं बी.कॉम. मराठी माध्यमातून झालंय, नोकरी सांभाळून रोज तासभर देता येईल, पैसे घालायचे नाहीत आणि पुढे समुपदेशक होता येईल का, तेही विचारलंय. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी पालकसभेत कुणा ना कुणा विद्यार्थ्याची आई हळूच बाजूला घेऊन हेच विचारते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फुकट साहित्य हवं तेवढं आहे. अडचण वेगळीच होते: माणूस दहा ठिकाणी खाती उघडतो आणि सगळीकडे पहिला धडा करून थांबतो. एक पाठ्यपुस्तक धरा, जोडीला एक व्याख्यानमाला घ्या. बाकीचं नंतर.

सुरुवात ई-बालभारतीवरून करा. अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं तिथे मराठीत पीडीएफ मिळतात. शाळकरी म्हणून नाक मुरडू नका. अवधान (लक्ष देणं), अभिसंधान (कंडिशनिंग), प्रबलन (रीइन्फोर्समेंट) या संकल्पना आपल्या भाषेत पक्क्या झाल्या की पुढचं इंग्रजी पुस्तक निम्मं सोपं जातं. मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. इतिहास आणि जुने सिद्धांत यांसाठी छान, पण मनोविकारांचं वर्गीकरण तिथून पाठ करू नका, ते मधल्या काळात बरंच बदललंय.

मग मुख्य पुस्तक: अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं 'सायकॉलॉजी'. पहिल्यांदा 2014 मध्ये आलं, दुसरी आवृत्ती 2020 ची, प्रकरणं 16. सगळे थेट मनोविकारांच्या पंधराव्या प्रकरणावर उडी मारतात आणि संशोधन पद्धतींचं दुसरं प्रकरण कंटाळवाणं म्हणून सोडतात. तेच सोडू नका. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही, एवढं जरी त्यातून मुरलं तरी व्हॉट्सअॅपवरचं निम्मं 'मानसशास्त्र' आपोआप गळून पडेल.

वाचताना घरीच प्रयोग करून पाहा. आठवं प्रकरण स्मृतीचं आहे. चमचा, रिक्षा, पाऊस, खिडकी असे एकमेकांशी संबंध नसलेले पंधरा शब्द काढा, घरच्यांना एका सुरात, दोन सेकंदांना एक या गतीने वाचून दाखवा आणि लगेच आठवतील तसे लिहायला सांगा. साधारणपणे सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द येतात, मधले गळतात. आता नवे पंधरा शब्द घ्या, पण लिहिण्याआधी अर्धा मिनिट शंभरातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावा. आता शेवटचे शब्दही जातात, सुरुवातीचे मात्र बऱ्यापैकी टिकतात. कारण पहिले शब्द मनात घोळवायला वेळ मिळालेला असतो; शेवटचे नुसते ताजे असतात, मोजणीने ते पुसले जातात. वर्गात मी हा तास घेते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकून बसतात.

व्याख्यानांमध्ये माझी पसंती पॉल ब्लूम यांना, ते तेव्हा येल विद्यापीठात शिकवायचे. 2007 मध्ये चित्रित केलेली 20 व्याख्यानं, स्वच्छ इंग्रजी, शिवाय प्रत्येकाचा लिखित मजकूर मिळतो, त्यामुळे उच्चार कळला नाही तरी अडत नाही. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावर जॉन गॅब्रिएली यांचा 2011 चा वर्ग आहे, तोही चालेल. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सापोल्स्कींची 25 व्याख्यानं यूट्यूबवर प्रसिद्ध आहेत, पण ती वर्तनाच्या जीवशास्त्रावर आहेत. अकरावीला जीवशास्त्र नव्हतं तर ती वर्षभराने बघा. यूट्यूबवरच्या 'क्रॅश कोर्स' वाहिनीचे मानसशास्त्रावरचे 40 छोटे भाग उजळणीला बरे, मात्र सांगणारा माणूस फार भरभर बोलतो.

फुकट साहित्याचा खरा धोका त्याच्या वयात आहे. 2015 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. मानसशास्त्रातले 100 प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले होते. मूळच्यांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत असे होते, पुन्हा केल्यावर ते प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. म्हणजे 2007 किंवा 2010 च्या व्याख्यानात ठामपणे सांगितलेलं सगळं आज तसंच उभं आहे असं धरू नका. फिलिप झिम्बार्डो यांचा 1971 चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगच घ्या. लुटुपुटूच्या तुरुंगात पहारेकरी केलेली साधी मुलं गणवेश चढवताच आपसूक क्रूर झाली, असं अजून सांगितलं जातं. पण पहारेकऱ्यांना कडक वागण्यासाठी चुचकारलं जात होतं, हे जुन्या ध्वनिफितींमधून पुढे आलंय. एखादा प्रयोग फारच चटकदार वाटला तर गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या संकेतस्थळावर इंग्रजीत त्याचं नाव टाकून पुढे 'रेप्लिकेशन' (प्रयोग पुन्हा करून पाहणं) लिहा. पाच मिनिटांचं काम.

भारतीय साहित्यात इग्नू या मुक्त विद्यापीठाचं ई-ज्ञानकोश आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ई-पीजी पाठशाला ही संकेतस्थळं हाताशी ठेवा. भाषा कोरडी आहे, पण परीक्षेच्या अंगाने मुद्देसूद. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट करता येतो. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क पडतं.

आता समुपदेशक होण्याबद्दल. यातल्या कुठल्याही प्रमाणपत्रावर व्यवसाय सुरू करू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलं शिक्षण. पूर्वी मी नोकरदारांना दूरस्थ एम.ए. सुचवायचे. आता तो रस्ता बंद झालाय: 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलं. त्यामुळे पदवी घ्यायचीच ठरली तर प्रत्यक्ष वर्गात बसावं लागेल. आधी सहा महिने वरचं पुस्तक आणि ब्लूम यांची व्याख्यानं पुरी करा, गोडी टिकली तर जवळच्या महाविद्यालयात सकाळच्या सत्राची चौकशी करा. बी.कॉम.वर प्रवेश देतात का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तेव्हा अर्ज भरण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा.