डोंगरातल्या शिकारीसाठी आउटफिटर कसा पारखावा?

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा असून अनेक वर्षांपासून ह्यूस्टनमध्ये राहतो. माझ्याकडे टेक्ससचा शिकार परवाना आहे. दोन अमेरिकी मित्रांबरोबर कोलोरॅडोच्या डोंगरांत पाठीवर सॅक घेऊन, तंबूत मुक्काम करून मी एल्क या मोठ्या हरणाची शिकार केली आहे. त्याच पद्धतीने पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात व्हाल रीबक आणि माउंटन रीडबक या हरणांसाठी जावे, असा आमचा विचार आहे. तीन आउटफिटरांची, म्हणजे शिकारीच्या सहली आयोजित करणाऱ्या व्यावसायिकांची, दरपत्रके आली आहेत. तिन्हींतली छायाचित्रे उत्तम आहेत, पण दरांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. निवड कशी करावी? स्वतःची रायफल न्यावी का? एक मित्र नामिबियाचाही आग्रह धरतो आहे. शिवाय शिंगे पुढे पुण्याच्या घरी नेता येतील का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : दर शेजारी-शेजारी मांडण्याआधी तिन्ही आउटफिटरांना एक प्रश्न लेखी विचारावा : आम्ही ज्या डोंगरावर रात्री काढणार आहोत, तो कोणाच्या मालकीचा आहे? कोलोरॅडोत राष्ट्रीय वनांच्या सार्वजनिक जमिनीवर आपण दिवसचे दिवस चालत राहू शकता. दक्षिण आफ्रिकेत शिकार बहुतांशी खासगी फार्मवर होते आणि तिथे जमिनीच्या मालकाला फार मोठे अधिकार आहेत. ज्या फार्मभोवती पुरेसे कुंपण असल्याचा सरकारी दाखला आहे, त्यावरील वन्य प्राणी 1991 च्या गेम थेफ्ट कायद्यानुसार मालकाची मालमत्ता राहतात. अशा फार्मवर बहुधा वर्षभर शिकार करता येते. व्हाल रीबकची गोष्ट वेगळी आहे. स्टॉर्मबर्ग, विंटरबर्ग किंवा स्न्यूबर्ग या डोंगररांगांच्या माथ्यांवर तो मेंढ्यांच्या फार्मवरून फिरतो आणि तिथली साधी तारेची कुंपणे त्याला अडवत नाहीत. त्या मोकळ्या जनावरावर कोणाची मालकी नसली, तरी त्या जमिनीवर शिकार करायला जमीनमालकाची परवानगी लागतेच, आणि ती लेखी असावी.

लॉजवर राहून होणाऱ्या नेहमीच्या शिकारीत हा प्रश्न फारसा उपस्थित होत नाही, कारण सकाळी पिकअपमधून निघून संध्याकाळी परतायचे असते आणि सारा दिवस एकाच फार्मवर जातो. सॅक पाठीवर घेऊन चार दिवस धारेवरून चालणाऱ्या माणसाने मात्र तीन शेतकऱ्यांच्या हद्दी ओलांडलेल्या असतात. म्हणून फार्मच्या हद्दी दाखवणारा नकाशा आणि प्रत्येक मालकाच्या लेखी परवानगीची प्रत मागावी. जखमी जनावर शेजारच्या हद्दीत गेले तर त्याचा माग काढायला आधीच संमती आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे. ज्याचे त्या भागात खरोखर येणे-जाणे आहे, तो आउटफिटर या प्रश्नाचे उत्तर आनंदाने आणि नावानिशी देतो. जो पुन्हा छायाचित्रेच पाठवतो, त्याला माझ्या मते यादीतून वगळावे.

दुसरी गोष्ट सोबतच्या माणसाची. परदेशी शिकाऱ्याने परवानाधारक आउटफिटरमार्फतच शिकार करावी आणि सोबत परवानाधारक प्रोफेशनल हंटर, म्हणजे वाट दाखवणारा व्यावसायिक शिकारी, असावा, असा तिथला नियम आहे. हे परवाने प्रांतवार मिळतात, त्यामुळे केवळ फ्री स्टेट या प्रांताचा परवाना असलेल्या माणसाला ईस्टर्न केपमध्ये आपल्याला नेता येत नाही. दोन्ही परवान्यांच्या प्रती मागवाव्यात आणि जो प्रोफेशनल हंटर प्रत्यक्ष बरोबर चालणार आहे, त्याच्याशी स्वतः बोलावे. कंपनीच्या मालकाशी झालेले बोलणे इथे उपयोगाचे नाही. मागच्या हंगामात तो डोंगरावर किती रात्री झोपला, हिवाळ्यात पाणी कोणत्या झऱ्यावर मिळते, सॅटेलाइट फोन कोणाकडे असतो, कोणाचा पाय मोडला तर खाली कसे आणतात, हे सगळे विचारावे. अनेक आउटफिटर प्रामाणिक आणि कुशल असतात, पण त्यांचा सारा अनुभव गाडीचा आणि लॉजचा असतो. पाहुणे मागतात म्हणून ते तंबूची सहल दरपत्रकात घालतात. अशा माणसाबरोबर आपण पहिले गिऱ्हाईक म्हणून जाऊ नये.

व्हाल रीबकची शिकार कशी होते हे डोळ्यांसमोर आणले, तर ही चौकशी का करायची ते पटेल. एक नर, काही माद्या आणि पिल्ले असा लहानसा कळप उघड्या गवताळ उतारावर चरत असतो. त्यांची नजर अत्यंत तीक्ष्ण असते आणि लपायला झुडूपही नसते. प्रोफेशनल हंटर समोरच्या धारेवर पालथा पडून दुर्बिणीतून तासन्‌तास पाहतो, गवताच्या शेंड्यांवरून वाऱ्याचा अंदाज घेतो, आणि वारा फिरला की सगळे पुन्हा खाली उतरून डोंगराला वळसा घालतात. बार बहुधा लांबून टाकावा लागतो. नर साधारण 20 किलोचा, म्हणजे तो सॅकमध्ये घालून आणता येतो. माउंटन रीडबक 30 किलोच्या आसपास असतो. पण ते ओझे कोण वाहणार, कातडी आणि कवटी डोंगरावर कशी टिकवणार आणि मांस कोणाचे, हे आधी ठरलेले असावे. तिथल्या प्रथेप्रमाणे मांस बहुधा जमीनमालकाचे किंवा आउटफिटरचे असते. आपल्याला मुक्कामावर शिजवून खाता येईल, मात्र एल्कसारखे ते घरच्या फ्रीजरसाठी आणता येणार नाही, कारण तिथले कच्चे मांस अमेरिकेत नेऊ देत नाहीत.

माउंटन रीडबकबद्दल मला स्पष्ट सांगावेसे वाटते. त्याची संख्या गेल्या काही दशकांत खूप घटली असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त गणला जातो. आपल्या फार्मवर किती आहेत, कोणी मोजले आणि वर्षाला किती नर मारू दिले जातात, हे जो आउटफिटर सांगू शकत नाही, त्याच्याकडे रीडबक मागूच नये. व्हाल रीबकसाठीही हेच प्रश्न विचारावेत, कारण तो जगात फक्त दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी या देशांतच आढळतो.

आता दर. त्यात दोन रकमा असतात, रोजचा दर आणि मारलेल्या जनावरामागची ट्रॉफी फी (ट्रॉफी म्हणजे आठवण म्हणून ठेवायची शिंगे, कवटी किंवा कातडी). स्वस्त दरपत्रकात कवटी-कातडीची प्रक्रिया, ती जहाजाने पाठवणे, परवाने आणि विमानतळापासूनचा प्रवास बहुधा धरलेला नसतो. तिघांकडूनही एकही जनावर न मिळाल्यास एकूण किती द्यावे लागेल आणि एक व्हाल रीबक मिळाल्यास किती, असे दोनच आकडे मागितले, तर दुपटीचा फरक बराच आटोक्यात येईल. करारात एक कलम हमखास असते : रक्त सांडले की जनावर सापडो वा न सापडो, ट्रॉफी फी भरावी लागते. हे कलम योग्यच आहे असे मी मानतो, कारण त्यामुळे माणूस वेडावाकडा बार टाकत नाही. मात्र रक्ताचा माग किती वेळ काढला जाईल आणि जखम झाली की नाही याचा निर्णय कोण देईल, हे लिहून घ्यावे. हिमवृष्टीमुळे सहल रद्द झाल्यास आगाऊ रकमेचे काय होईल, तेही करारात असावे, कारण जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, त्या उंचीवर बर्फ पडतो आणि रात्री पारा शून्याखाली जातो.

संदर्भासाठी आउटफिटर जी नावे देतो ती समाधानी पाहुण्यांचीच असतात. म्हणून रिकाम्या हाताने परतलेल्या एखाद्या पाहुण्याचा पत्ता मागावा आणि त्याच्याशी सविस्तर बोलावे.

रायफल आपलीच न्यावी, कारण लांबच्या बारासाठी हाताला सवय असलेले शस्त्र बरे. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा 520 क्रमांकाचा अर्ज काळ्या शाईने भरून न्यावा, पण सही विमानतळावर पोलीस अधिकाऱ्यासमोरच करावी. आधी सही केलेला अर्ज परत करतात. सोबत आउटफिटरचे निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि अमेरिकी कस्टम्सचा 4457 क्रमांकाचा नोंदणी अर्ज असावा. प्रत्येक रायफलीमागे 200 पर्यंत काडतुसे नेता येतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफल नेऊ नये.

नामिबियाला जायचे ठरल्यास तिथे ट्रॉफी शिकारीचा हंगाम 1 फेब्रुवारी ते 30 नोव्हेंबर असतो. तिथे परवान्याच्या श्रेणी आहेत. नुसत्या ‘हंटिंग गाइड’ श्रेणीचा माणूस स्वतःच्या नोंदणीकृत फार्मपुरताच नेऊ शकतो, त्यामुळे लांब पायी फिरण्यासाठी वरच्या श्रेणीचा माणूस पाहावा. तिथल्या डोंगरांत हार्टमनचा माउंटन झेब्रा असतो, पण तो वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे अमेरिकेत नेण्यासाठी कागदपत्रे बरीच वाढतात आणि डोंगरावरून खाली आणायचे ओझे तर कितीतरी पटीने जड होते. पहिल्या खेपेला ईस्टर्न केपच बरे.

शिंगे पुण्याला नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आहे आणि वन्य प्राण्यांचे अवयव देशात आणण्यावर कडक निर्बंध आहेत. कवटी ह्यूस्टनच्या घरीच ठेवावी आणि ती तिथवर आणण्याची कागदपत्रे कोण करणार, हेही करारावर सही करण्यापूर्वी आउटफिटरकडून लिहून घ्यावे.